कागदाचं गाव आणि बांबूची वाट

रेल्वेच्या पाटीवर बल्लारशाह आणि पोस्टाच्या पत्त्यात बल्लारपूर, अशी आमच्या गावाची दोन नावं. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात वर्धा नदीच्या काठी इथे किल्ला बांधला आणि पुढे राजधानी चांद्याला गेली, हे शाळेत शिकलो. पण गाव सोडलेली आमच्या पिढीची चार माणसं नागपुरात किंवा पुण्यात भेटली, की गप्पा किल्ल्याकडे क्वचितच वळतात. त्या वळतात पेपर मिलच्या भोंग्याकडे.

भोंग्यावर घड्याळं लावली जात. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. त्यात तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, मराठी, सगळं एकदम ऐकू यायचं. गावाला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते उगाच नाही. आणि तो वास! पाहुणे नाकाला रुमाल लावत, आम्हांला मात्र तो जाणवतसुद्धा नसे. बांबूचे बारीक तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात घालून, वाफेच्या दाबाखाली डायजेस्टरमध्ये शिजवतात. तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळतं आणि लगदा उरतो. या शिजवण्यात गंधकाची जी संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास. जगात जिथे या पद्धतीने कागद होतो तिथे तो असतोच. तरी आम्ही त्याला आपल्या गावाचा वास म्हणतो, आणि सुट्टीत घरी जाताना गाडीच्या खिडकीत तो आला की सामान काढायला लागतो.

गिरणी नेमकी इथेच का आली, याचं उत्तर नकाशात आहे. वर्धेचं पाणी होतं. कोळसा होता. जिल्ह्यात इंग्रज सरकारने आधी वरोऱ्याची खाण चालवली. ती १९०६मध्ये बंद झाली आणि त्याच सुमारास बल्लारपूरची खाण पुढे आली. रेल्वे होती. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत आलेला फाटा पुढे इथवर वाढला, आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठशी जोडणी झाल्यावर उत्तर-दक्षिण हमरस्ता आमच्या फलाटावरून जाऊ लागला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस १९२९पासूनची. १९४५मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘स्ट्रॉबोर्ड’ होतं. कागद नंतर आला आणि १९७५मध्ये ती ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ झाली. पाणी, कोळसा, रेल्वे. आमच्या गप्पांत ही तिन्ही येतात. चौथी गोष्ट सहसा येत नाही.

इथे थोडं वळण घेऊन मँचेस्टरला जावं लागेल. कापडगिरण्यांच्या त्या शहरातले जुने लोकही अशाच आठवणी सांगत आले आहेत: धुराडी, पाळ्या, चाळीसारखी एकाला एक लागून घरं. त्या भागातल्या गिरणगावांत पहाटे लांब काठीने माडीच्या खिडक्या ठोठावून कामगारांना उठवणारी माणसं असत. ती काठी बरेचदा बांबूची असे, हे वाचून मला हसू आलं. पण मँचेस्टरच्या आठवणींत हिंगणघाट कुठे असतं? १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवीत तिकडून येणारा कापूस तुटला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साहेबाचं लक्ष वऱ्हाडाकडे आणि वर्धेच्या खोऱ्याकडे लागलं. हिंगणघाटचा कापूस त्याच नावाने तिकडच्या बाजारात ओळखला जाई. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला गेला. वरोऱ्याच्या कोळशापर्यंत आलेला तो रेल्वेफाटा आधी हिंगणघाटच्या कापसातून जातो, हा योगायोग नाही. ज्या शेतकऱ्याचा कापूस तिकडे गेला, त्याचं नाव तिथल्या गिरणी-आठवणीत नाही. यावर आपण रागावतो, आणि रागावणं बरोबरच आहे.

मग बल्लारपूरच्या आठवणीत भामरागड कुठे आहे?

चौथी गोष्ट ती. बांबू यायचा अहेरी, आलापल्ली, एटापल्लीकडच्या रानातून, म्हणजे १९८२मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातून. आणि चंद्रपूरच्या जंगलांतूनही. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूर ही ट्रकची वाट. एक टन कागदाला दोन-अडीच टन वाळलेला बांबू लागतो, तेव्हा गाड्या किती याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या रानात मानवेल आणि कटांग हे घरचं सामान होतं. पावसाळ्यात कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीला. उरलेल्याचं कुंपण, छप्पर, सुपं, टोपल्या, कणगी. पण १९२७च्या वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबू घातला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, कायदा झाड म्हणत राहिला. त्यामुळे तो सरकारी माल झाला. देशभर कागद गिरण्यांना तो दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीत मिळाला, आणि बुरुडाला सूप विणायचं तर परवानगी आणि पैसे दोन्ही लागू लागले. शिवाय बेटातून तोडायचं शास्त्र असतं. यंदाचा कोंब राखायचा, जुने सोटही काही ठेवायचे, बेटाच्या आत शिरून तोडायचं. घाईत कडेकडेचं तोडलं की बेट आत गच्च होतं आणि नवा कोंब वाकडा येतो.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. तोडायचं किती, विकायचं कोणाला, हे गाव ठरवू लागलं. आमच्या जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने तेच केलं. बांबू विकायचा, पण तेंदू तोडायचा नाही, असंही तिथल्या ग्रामसभेने ठरवलं. पाचगाव बल्लारपूरपासून फार लांब नाही. तरी ते नाव मी पहिल्यांदा वाचलं ते पुण्यात.

गिरणीने आमची शिक्षणं केली, हे मी नाकारणार नाही. तिच्या पगारावर आमच्या घरात पहिला पदवीधर झाला. माझे वडील काट्यावर होते, म्हणजे बांबूचे ट्रक तोलायच्या जागी. घरी ते स्वतःसाठी एक छोटी वही ठेवत. ती माझ्याकडे आहे. पानामागून पान ट्रकचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, सुबक अक्षरात. माल कुठून आला, ते त्यांनी लिहिलेलं नाही. फक्त एका पावसाळ्यातल्या पानावर एक ओळ जास्तीची आहे: वैनगंगेला पूर, गाड्या आष्टीला अडकल्या.