व्हेंटिलेटर लावायचा की नाही? इच्छामरण, कायदा आणि धम्म



घरातले वडीलधारे माणूस आयसीयूमध्ये असते. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का? लवकर सांगा." मोठा मुलगा हो म्हणतो, धाकटा गप्प राहतो, मुलगी रडू लागते. बिलाचा आकडा सर्वांच्या मनात असतो, पण तोंडावर कोणी आणत नाही. ज्या माणसाच्या शरीराचा हा निर्णय, त्याची स्वतःची इच्छा काय होती, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. इच्छामरणाचा प्रश्न आपल्या घरात येतो तो असा.

दोन वेगळ्या गोष्टी

'इच्छामरण' या एका शब्दात आपण दोन गोष्टी एकत्र करतो. विषारी इंजेक्शन देऊन रुग्णाचा जीव घेणे, हे सक्रिय इच्छामरण. नेदरलँड्समध्ये कडक अटींवर २००२ पासून त्याला कायद्याची मुभा आहे. भारतात मात्र तो गुन्हा आहे, मग रुग्णाने स्वतः विनवणी केलेली असो की नातेवाइकांनी. दुसरी गोष्ट म्हणजे बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाला यंत्रावर ठेवणारे उपचार सुरू न करणे किंवा थांबवणे आणि मरण नैसर्गिकपणे येऊ देणे. याला निष्क्रिय इच्छामरण म्हणतात. ठरलेली पद्धत पाळली तर आपल्या देशात याला परवानगी आहे.

कायदा इथपर्यंत कसा आला

या वाटेची सुरुवात मुंबईतून झाली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०११ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्या परिचारिका वर्षानुवर्षे त्यांचे सगळे करत होत्या, त्यांचा या मागणीला विरोध होता आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. मात्र त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय इच्छामरण देता येईल, हे तत्त्व मान्य झाले. अरुणाताईंचे निधन १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने झाले.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुढचे पाऊल टाकले. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो, असे सांगून त्यांनी 'लिव्हिंग विल', म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण पद्धत इतकी किचकट होती की ती फारशी वापरात आली नाही. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली.

धम्म काय सांगतो

पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. विनयात तर भिक्खूने माणसाचा जीव घेणे, त्याला मरणाला प्रवृत्त करणे किंवा त्याच्यापुढे मरणाचे गुणगान करणे हा संघातून कायमचे बाहेर काढणारा दोष मानला आहे. सक्रिय इच्छामरण या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

पण धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी लिहिताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. मरण टळणार नाही हे स्वीकारून निरर्थक यंत्रोपचार थांबवणे, वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिन देणे, यांत मारण्याची इच्छा नसते. बौद्ध थायलंडमध्येही २००७ च्या आरोग्य कायद्याने असे उपचार नाकारण्याचा हक्क दिला आहे. आणि घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही कथा आपण विसरू नये. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही. स्वच्छता, वेदनाशमन, जवळ बसणे हे शेवटपर्यंत चालूच राहते.

गरिबाच्या बाबतीत सावध

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. पैसे संपले म्हणून उपचार बंद करणे म्हणजे सन्मानाने मरणे नव्हे. तो उपचार नाकारण्याचाच प्रकार आहे. बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाला 'घरी घेऊन जा' असे सांगितले गेले, तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्या मागा. जगण्याचा हक्क आधी, मरणाचा नंतर.

इच्छापत्र कसे करावे

• करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुदृढ मनाची असावी. कोणाच्याही दबावाखाली नसावी.

• कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट लिहावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू नातेवाइकांची किंवा पालकांची नावे द्यावीत.

• दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे.

• प्रत घरच्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना आणि महापालिका, नगरपालिका वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यावी.

• मत बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

हे पत्र असले तरी डॉक्टर लगेच यंत्र काढत नाहीत. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच ते लागू होते. आधी रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ तपासते. नंतर दुसरे मंडळ तपासते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून निर्णय अमलात येतो. इच्छापत्र नसेल तर कुटुंबाच्या संमतीने हीच दोन मंडळे विचार करतात. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात जाता येते.

येत्या पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर आई-वडिलांजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय हवे आहे?" मृत्यूविषयी बोलणे अशुभ, ही समजूत आपण केव्हाच मागे टाकली आहे. त्यांचे उत्तर लिहून ठेवा. म्हणजे आयसीयूच्या दारात तुम्हाला अंदाज करावा लागणार नाही आणि त्यांचा शब्द त्यांचाच राहील.