दुसरी संगणकभाषा कोणती?

एक संगणकभाषा शिकून झालेला विद्यार्थी पुढची कोणती, असे विचारतो तेव्हा खासगी क्लासच्या जाहिरातींत उत्तर तयार असते : जिला आज बाजारात मागणी आहे, ती. हे उत्तर व्यवहारी वाटते. परंतु जाहिरात वाचून हजारो जण एकाच वेळी एका भाषेकडे वळले, तर ते शिकून बाहेर पडेपर्यंत पुरवठा वाढलेला असतो. चढा भाव पाहून कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला काढणीच्या वेळी जो अनुभव येतो, तोच येथेही येण्याचा संभव आहे.

आज प्रचारात असलेल्या बहुतेक प्रमुख भाषा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’, म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीला वाव देतात. या पद्धतीचे मर्म बँकेतील खात्यावरून ध्यानी येईल. खात्यातील शिल्लक आणि ती बदलणारे भरणा व उचल हे व्यवहार एकत्र बांधावयाचे. बाहेरच्या कोणी शिल्लक परस्पर बदलावयाची नाही. बचत खाते व चालू खाते मूळ खात्याचे गुण वारशाने घेतात व आपापले नियम त्यांत जोडतात. ऑस्लो येथे ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात घडविलेल्या ‘सिम्युला’ भाषेत या कल्पनेचा उगम आहे. सिम्युलाचा अनुभव असलेल्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जिचे काम आरंभिले, तीच पुढे ‘सी प्लस प्लस’ झाली. ‘जावा’ १९९५ मध्ये आली, ‘सी शार्प’ २००० मध्ये. भाषा बदलत गेल्या, कल्पना टिकली.

बाजाराची मर्जी मात्र टिकत नाही. ॲपलने २०१४ मध्ये ‘ऑब्जेक्टिव्ह-सी’च्या जागी ‘स्विफ्ट’ पुढे केली. अँड्रॉइडसाठी गुगलने २०१९ मध्ये जावापेक्षा ‘कोटलिन’ला अग्रक्रम दिला. ज्यांनी केवळ व्याकरण पाठ केले होते, त्यांचे भांडवल अशा वेळी झिजते; ज्यांनी कल्पना आत्मसात केली, त्यांना नवे व्याकरण थोडक्या श्रमात साधते.

यावरून निवडीची कसोटी निघते. दुसरी भाषा पहिलीहून पुरेशी वेगळी असावी. जावानंतर लगेच सी शार्प घेतल्यास ज्ञानात पडणारी भर अल्प; हा घटत्या सीमांत उपयोगितेचाच प्रकार होय. जावा येणाऱ्याने ‘पायथन’ घ्यावी. तेथे चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागत नाही. पायथन येणाऱ्याने जावा घ्यावी. कार्यक्रम चालण्यापूर्वीच प्रकारांची तपासणी होण्याची शिस्त तेथे लागते. स्मृतीचा हिशेब स्वतः ठेवणे म्हणजे काय, हे सी प्लस प्लस शिकविते. हौस असेल त्याने ‘स्मॉलटॉक’ अवश्य पाहावी. तेथे साधा आकडाही वस्तूच मानला जातो. अर्थात, नोकरी हाती असून कचेरीत विशिष्ट भाषाच चालत असेल, तर तीच शिकणे रास्त.

यांपैकी प्रत्येक भाषेची साधने आज विनामूल्य मिळतात. खरी किंमत पडते ती तरुण वयातील चार-सहा महिन्यांची आणि पालकांनी भरलेल्या क्लासच्या शुल्काची. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने वरील बँक खात्याचा छोटा कार्यक्रम येत असलेल्या भाषेत कोणाच्या मदतीवाचून लिहून पाहावा. तो जमला, तर दुसरी भाषा खुशाल घ्यावी. जमला नाही, तर पहिलीच अद्याप शिकावयाची आहे, असे समजावे.