पित्ताशयातील खडे : गोळीने विरघळतात काय?

आमच्या चुलतभावाचे घर पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर आहे. मागच्या पावसाळ्यात वहिनींच्या पोटात जेवणानंतर जोराची कळ येऊ लागली. उजव्या बरगडीखाली सुरू झालेली कळ पाठीत आणि खांद्यापर्यंत जाई. घरात सगळे म्हणाले, पित्त झाले असेल. खायचा सोडा झाला, कोकमाचे सरबत झाले. शेवटी महाडला सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कापाकापी नको. कुळथाचं पाणी पिते, खडे आपोआप पडतील."

आम्ही गप्प बसलो, ही आमची चूक. चार महिने काढा चालला. एका रात्री वहिनींना हुडहुडी भरून ताप आला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. खडा पित्तनलिकेत उतरून अडकला होता. उसनवारी करून रातोरात मुंबई गाठावी लागली. वहिनी वाचल्या. पण सवडीने, खर्चाची जुळवाजुळव करून जे करता आले असते, ते जिवावर बेतल्यावर करावे लागले.

आम्ही पेशाने कारकून, डॉक्टर नव्हे. तरी त्या दिवसांत डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आमच्या माता-भगिनींपुढे ठेवणे आम्हास अगत्याचे वाटते. कारण हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

पहिली गोष्ट म्हणजे नावाचा घोटाळा. आपण आंबट ढेकर, छातीतील जळजळ यांना 'पित्त' म्हणतो. ते जठरातील आम्ल होय. खरे पित्तरस यकृतात तयार होतो आणि त्याखालच्या छोट्या पिशवीत साठतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. त्यातील कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर वाढले की त्याचे खडे बनतात.

दुसरा घोटाळा मुतखड्याचा. मुतखडा मूत्रमार्गात असतो. लहान असेल तर भरपूर पाण्याने तो लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी काही संबंध नाही. तेव्हा कुळथाचे पाणी किंवा पानफुटीचा पाला खाऊन पित्ताचा खडा लघवीतून कसा पडणार? कुळथाची पिठी जेवणात जरूर खावी, पण तिला औषध समजू नये.

काही जण ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पाजतात. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळे पडतात आणि रोगी खूष होतो. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. ते खडे नव्हतेच. त्याच तेलाचा आणि रसाचा पोटात साबण झाला होता!

मग शस्त्रक्रियेवाचून इलाजच नाही काय? आहे, पण मर्यादित. अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड नावाच्या गोळ्या मिळतात. खडे लहान, कोलेस्टेरॉलचे आणि चुना न धरलेले असतील व पिशवीचे काम नीट चालू असेल, तरच त्या उपयोगी पडतात. सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात. विरघळले तरी पाच वर्षांत सुमारे निम्म्या रोग्यांना पुन्हा खडे होतात. ध्वनिलहरींच्या धक्क्याने खडे फोडण्याचा प्रयोग जर्मनीत म्युनिक येथे १९८५ साली झाला. परंतु तुकडे नलिकेत अडकतात आणि खडे पुन्हा होतात, म्हणून पित्ताशयासाठी तो आता क्वचितच वापरतात. नलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून, पोट न कापता काढता येतो. वहिनींचा तसाच काढला. मात्र पिशवीत खडे राहिले तर धोका राहतोच, म्हणून नंतर पिशवीही काढली.

आणि ज्यांना काहीच त्रास नाही, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, त्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियाही नको आणि गोळीही नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने लक्ष ठेवले म्हणजे पुरे. तेव्हा कोणी घाबरवून घाई करीत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

'कापाकापी' या शब्दाचेही भय आता पूर्वीइतके उरलेले नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्यास प्रारंभ केला. लहान छिद्रांतून हे काम होते. पित्ताशय नसले तरी यकृत पित्तरस बनवीतच राहते आणि माणूस रोजचे जेवण जेवू शकतो.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते काय, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

भगिनींनो, खडे असताना ताप व थंडी, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शौच किंवा काही तास न थांबणारी कळ, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी काढा उकळत बसू नका. घाट उतरून यायला वेळ लागतो. पहिली गाडी पकडा. आणि घरातील पुरुषांनो, बाईमाणूस "मला काही नको" म्हणाली, म्हणून आमच्यासारखे गप्प बसू नका.