दुसऱ्या मजल्यावरची सांदवाडी

चंद्रपुरात बाग करतो म्हटले, की पुण्याकडचे माझे स्नेही हसतात. त्यांचे फारसे चुकत नाही. मे २०१९ मध्ये येथील पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. भोवती कोळशाच्या खाणी. पानावरून बोट फिरवावे तर ते काळे होते. त्यात आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि मोकळी जागा म्हणाल तर आठ फूट लांब, तीन फूट रुंद अशी पश्चिमेची गॅलरी!

दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई आरमोरीहून माझ्याकडे राहायला आली. तिकडे घरामागे तिची सांदवाडी होती. परसाला आमच्या झाडीपट्टीतला हा शब्द. येथे ती दिवसभर गॅलरीत बसून राही आणि संध्याकाळी एकच विचारी, "मला गावी कधी पोचवतोस?"

तिचे मन रमावे म्हणून एप्रिलात मी गुलाबाच्या बारा कुंड्या आणल्या. आठ दिवसांत बाराही करपल्या. आई म्हणाली, "अरे बाबू, वैशाखात कोणी झाडं लावतं का?" वीस वर्षे वर्गात ऋतुवर्णने शिकवणारा मी निरुत्तर झालो.

मग सूत्रे तिने हाती घेतली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोके पाडून बाहेरून चुना फासला, म्हणजे डबा तापत नाही. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा, असे मिश्रण भरले. नुसत्या मातीपेक्षा ते हलके; गॅलरीवर भार कमी. मोठ्या डब्यांत मधोमध मातीचे भाजके मडके गळ्यापर्यंत पुरले. त्यात पाणी भरून झाकण ठेवले, की ते मुळांपाशी हळूहळू झिरपत राहते. उघडी माती वाळल्या पानांनी झाकली. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी सकाळी उन्हाआधी घालायचे, आणि आठवड्यातून एकदा पानांवरची काजळी धुवायची.

पण खरी गोम पंचांगात आहे. आमच्याकडे बागेचे वर्ष मृगात सुरू होते. तेव्हा दोडका आणि वाल पेरावेत. दसऱ्यानंतर मेथी आणि सांबार; तुमच्या कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो! उन्हाळ्यात जुन्या धोतराच्या सावलीत तुळस, मायाळू आणि मिरचीची दोन झाडे जगवावीत. बाकीच्या डब्यांना विश्रांती द्यावी. जे येथे तगत नाही त्याचा हट्ट धरू नये.

आज दिवाळीत वालाचा वेल गजांवर चढून फुलला आहे. पश्चिमेचे ऊन तोच अडवतो. दोडके शेजारच्या चार घरी वाटून झाले.

काल आई वाळलेल्या दोडक्याचे बी राखेत घोळून डबीत भरत होती. मी भीतभीत विचारले, "हे गावी न्यायचं का?"

"गावी कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या मृगाला इथेच लागेल ना!"