बाहेर पडायचा रस्ता: जुन्नर-आंबेगावच्या सर्व्हरची वीस वर्षे

जुन्नर-आंबेगावचा व्यापार शेतमालाचा आणि पैसा सहकाराचा. नारायणगावचा टोमॅटो, मंचर-ओतूर-आळेफाट्याचा कांदा, विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने, गावोगावच्या विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था. या सगळ्यांच्या कार्यालयांत संगणक शिरला तो हिशेबनीस म्हणून. रोजकीर्द, खतावणी, तेरीज त्याच्या हवाली झाल्यावर संगणक बंद म्हणजे पेढीच बंद, अशी अवस्था आली. मग एकाचे चार झाले, चारांमागे एक सर्व्हर आला, आणि पुढे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालवायचा सल्ला पुण्याहून येऊ लागला. या वीस वर्षांकडे मागे वळून पाहिले, तर सॉफ्टवेअर निवडताना बहुतेकांनी एकच प्रश्न विचारलेला दिसतो: यात काय काय मिळते? माझ्या मते त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न मागे राहिले. उद्या हे सोडायचे झाले तर कसे सोडता येईल, आणि रात्री आठ वाजता बिघडले तर तालुक्याच्या गावात ते कोण उभे करील? व्हर्च्युअलायझेशनची निवड या दोन प्रश्नांवरच करावी, असे या काळातला पुरावा सांगतो.

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची, आणि इन्व्हर्टरवर एक संगणक चालायचा, चार नाही. त्या काळातल्या हिशेबाच्या प्रणाली बहुधा फॉक्सप्रोत लिहिलेल्या, मराठी अक्षरे श्रीलिपीसारख्या फॉन्टची, छपाई डॉट मॅट्रिक्सवर. लिहून देणारा कोणी एकटा प्रोग्रामर, आणि तो दुसरीकडे नोकरीला लागला की त्या प्रणालीला वाली उरायचा नाही. ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे व्हर्च्युअलायझेशनची खरी गरज इथे निर्माण झाली. डॉसवरची फॉक्सप्रो प्रणाली १६ बिटांची, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचा प्रोग्रॅम चालतच नाही. जुना संगणक जळाला आणि दुकानातून नवा आणला, की दहा वर्षांच्या ठेवींच्या नोंदी डोळ्यांसमोर असूनही उघडत नाहीत. युनिकोडपूर्व फॉन्टमुळे तो मजकूर नव्या प्रणालीत नेला तर खातेदाराच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अशा वेळी जुना संगणक जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवून नव्या सर्व्हरच्या पोटात चालवणे, हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय होता आणि आजही आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा इंटरनेटपासून तोडलेले एक्सपीचे व्हर्च्युअल मशीन हाच अनेकांसाठी शहाणा मार्ग होता. मोठ्या कंपन्या सर्व्हरची संख्या आणि विजेचे बिल कमी करायला या तंत्राकडे वळल्या. लहान कार्यालयाला त्याचा उपयोग जुनी खतावणी जिवंत ठेवायला होता.

तंत्र नवे नव्हते. आयबीएमने मोठ्या संगणकांवर ते १९७२ पर्यंत बाजारात आणले होते. साध्या संगणकावर ते रुजवले १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. २००१ मध्ये त्यांचे सर्व्हरसाठीचे ईएसएक्स आले. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन बाहेर पडले, २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली, फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यात गेले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही व व्हिएन्नाच्या कंपनीचे प्रॉक्समॉक्स, दोन्ही आले. म्हणजे २००८ च्या अखेरीस आजचे सगळे पर्याय टेबलावर होते. तरी पुढची पंधरा वर्षे सल्लागारांच्या तोंडी नाव एकच राहिले, आणि ते अकारण नव्हते. व्हीएमवेअर खरोखरच उत्तम चालत होते, एका सर्व्हरसाठी त्याची फुकट आवृत्ती मिळत होती, आणि तीन सर्व्हरपर्यंतच्या लहान कार्यालयांसाठी ‘एसेन्शियल्स’ नावाचा परवडणारा संच होता. त्या वेळी ज्यांनी ते घेतले त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. घेताना परतीची वाट कोणी पाहिली नाही, एवढेच म्हणता येईल.

दुसरा धागा रिमोट डेस्कटॉपचा. शाखा आळेफाट्याला आणि मुख्य कार्यालय जुन्नरला असेल, तर दोन्हीकडे वेगळा हिशेब ठेवून संध्याकाळी पेन ड्राइव्हने जोडण्यापेक्षा शाखेच्या कारकुनाने थेट मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर काम करणे सोयीचे. बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवर ते रखडत चालायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, आणि कर सल्लागारापासून गोडाऊनपर्यंत सगळ्यांना एकाच टॅलीत बसायची निकड लागली. इथे दोन खड्डे होते आणि ते आजही बुजलेले नाहीत. पहिला लायसन्सचा. विंडोज सर्व्हर देखभालीसाठी दोन रिमोट सत्रे देतो. रोजच्या कामाला प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे वेगळे लायसन्स घ्यावे लागते. ते न घेता सेवा चालू केली तर १२० दिवस सारे सुरळीत चालते, आणि मग ऐन बाजाराच्या सकाळी शाखेचा प्रवेश बंद होतो. हा खर्च खालचे व्हर्च्युअलायझेशन फुकट असले तरी टळत नाही, आणि कोटेशनमध्ये तो हमखास गाळला जातो. दुसरा खड्डा डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा. टोकन सर्व्हरला लावून दुरून रिमोट डेस्कटॉपने आत शिरले, तर ते दिसतच नाही, कारण त्या सत्रात विंडोज फक्त समोरच्या माणसाच्या संगणकाला जोडलेले टोकन पाहतो. ते आपल्या हाताखालच्या मशीनला लावावे आणि त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवावा, की काम होते. डोंगलवर चालणाऱ्या जुन्या प्रणालींचा प्रश्न याहून अवघड: हायपर-व्ही यूएसबी उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला देत नाही, प्रॉक्समॉक्स आणि व्हीएमवेअर देतात. अशा एका डोंगलवर अख्खी निवड ठरू शकते, आणि ठरावी.

मग २०२३ उजाडले. २२ नोव्हेंबर रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतल्याचा व्यवहार पूर्ण झाला. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, एसेन्शियल्स संच गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्तीही गेली. फुकट आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली खरी, पण जी वस्तू मालकाच्या मर्जीने जाते आणि मर्जीने येते तिच्यावर पतसंस्थेची रोजकीर्द ठेवावी का, हा प्रश्न उरलाच. मायक्रोसॉफ्टनेही हायपर-व्हीची स्वतंत्र फुकट आवृत्ती २०१९ नंतर काढली नाही. जगभर ज्यांचे शेकडो सर्व्हर होते त्यांनी वकील लावले, वाटाघाटी केल्या. मंचरच्या एका सर्व्हरच्या ग्राहकाला वाटाघाटीला बसवतो कोण? त्याच्या हाती शस्त्र एकच असते, निघून जाण्याची तयारी. ती नसेल तर नूतनीकरणाचे जे बिल येईल ते भरणे आले.

याच परिसरात या मुद्द्याचा एक भक्कम दाखला आहे. खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. या अँटेनांचे संकेत एकत्र जुळवण्याचे काम सुरुवातीला खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करत होती. २०१० च्या सुमारास तिची जागा बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या संचाने आणि त्यावर लिनक्सवर चालणाऱ्या, संस्थेच्याच लोकांनी परदेशी सहकाऱ्यांसह घडवलेल्या सॉफ्टवेअरने घेतली. पुढच्या टप्प्यात त्याच वाटेने ग्राफिक्स प्रोसेसर आले, आणि एका वेळी पाहता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला. हे व्हर्च्युअलायझेशन नव्हते. पण काम विशिष्ट यंत्रापासून सोडवून कुठल्याही साध्या यंत्रावर चालेल असे करायचे, आणि त्याचे आतले स्वरूप आपल्या माणसांना ठाऊक असू द्यायचे, हा विचार तोच आहे. खोडदच्या शेतातून दिसणाऱ्या त्या अँटेनांनी तो पंधरा वर्षे सिद्ध करून दाखवला आहे.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: खोडदला अभियंते आहेत, पतसंस्थेकडे एक कारकून आणि आठवड्यातून एकदा येणारा हार्डवेअरवाला. केव्हीएम-प्रॉक्समॉक्ससारखे खुले सॉफ्टवेअर बिघडले तर फोन कोणाला करायचा? पण हाच प्रश्न विकतच्या सॉफ्टवेअरलाही विचारून पाहावा. लहान ग्राहकाचा फोन कंपनीपर्यंत जात नाही, तो त्याच हार्डवेअरवाल्याकडे जातो. आणि केव्हीएम, लिनक्स शिकायला त्याला पैसे पडत नाहीत. जुन्या संगणकावर तो रात्री सराव करू शकतो. तेव्हा कार्यालयाने दरवर्षी लायसन्सला जाणारे पैसे त्याच्याशी लेखी देखभाल करारात घालावेत, आणि एकाऐवजी दोन माणसांना यंत्रणा ठाऊक असेल अशी अट ठेवावी. फॉक्सप्रोचा एकटा प्रोग्रामर गेल्यावर जे झाले ते पुन्हा होऊ द्यायचे नसेल, तर ही अट सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा मोठी आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खुले सॉफ्टवेअर तरी शब्द पाळते का? रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ या फुकट लिनक्सचे आयुष्य अचानक कापले. २०२९ पर्यंत चालेल म्हणून बसवलेले सर्व्हर ३१ डिसेंबर २०२१ ला उघड्यावर पडले. हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक पुढे काय झाले यात आहे. सोर्स कोड सगळ्यांपुढे असल्याने काही महिन्यांत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, आणि सर्व्हर पुसून नव्याने न बसवता लोक त्यांवर गेले. मालकाने इथेही शब्द फिरवला, पण दार बाहेरून कोणाला लावता आले नाही. प्रॉक्समॉक्सचेही उद्या काही बिनसले, तरी त्यातली मशीन केव्हीएमची आहेत आणि कुठल्याही लिनक्सवर ती उभी करता येतात.

तिसरा आक्षेप आज सर्वाधिक ऐकू येतो: सर्व्हर ठेवायचाच कशाला, सगळे क्लाउडवर जाऊ द्या. काहींच्या बाबतीत हा निर्णय वरून झालाही आहे. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा प्रकल्प २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांचा, ६३ हजार संस्थांसाठी मंजूर झाला; तिथे देशभर एकच प्रणाली आहे, सचिवाला निवडायचे काही उरले नाही. त्याचे फायदे खरे आहेत. पण ३१ जुलै २०२४ हा दिवसही खरा आहे: लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि सुमारे ३०० बँकांची पेमेंट यंत्रणा देशाच्या जाळ्यापासून तोडावी लागली. त्या बँकांच्या स्वतःच्या कार्यालयात काहीच बिघडलेले नव्हते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरचे हजारो व्हीएमवेअर सर्व्हर कुलूपबंद झाले ते दोन वर्षांपूर्वीच आलेली दुरुस्ती न बसवल्याने, आणि तो दोष सर्व्हर आपल्याच खोलीत ठेवणाऱ्यांचा होता. म्हणजे जागा कुठलीही असो, पूर्ण प्रत आपल्या हातात हवी, आणि ती आपल्याला चालवता यायला हवी. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर हे कायद्यानेच लागू आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. क्लाउडवाल्याने तो कुठल्या स्वरूपात द्यायचा हे करारात नसेल, तर हाती येणारी फाइल उघडेलच याची खात्री नाही.

एकाच सर्व्हरवर सगळे ठेवले आणि तोच बसला तर, ही भीतीही रास्त आहे. तिचे उत्तर महागडे नाही: जुना पण धडधाकट दुसरा सर्व्हर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यावर प्रत. हायपर-व्हीत ही सोय २०१२ पासून आहे, प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस या फाइल प्रणालीच्या आधारे २०१७ पासून. त्याच्या जोडीला लाइट जाताच सर्व्हरला सूचना देऊन व्हर्च्युअल मशीन क्रमाने बंद करणारा यूपीएस. आपल्याकडे चोरांनी आणि हल्लेखोरांनी नेलेल्या डेटापेक्षा धाडकन गेलेल्या विजेने बिघडवलेला डेटा अधिक असावा, असे मला वाटते.

स्थलांतराची किंमत मात्र लपवू नये. व्हीएमवेअरचे विंडोज मशीन केव्हीएमवर नेताना डिस्क थेट नव्या वेगवान प्रकारावर जोडली, तर निळा पडदा येतो, कारण आतल्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. आधी साध्या साटा प्रकारावर सुरू करायचे, ड्रायव्हर बसवायचे, मगच डिस्कचा प्रकार बदलायचा. मार्च २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमवेअरची मशीन आणायची सोय आहे, तरी हा टप्पा आणि त्यासाठी राखलेला रविवार चुकत नाही.

वेळापत्रक आता कंपन्यांनीच ठरवून दिले आहे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबरला, आणि विंडोज सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. टोमॅटोच्या अडत्याने हे काम आवक सुरू होण्याआधी उरकावे, कारखान्याशी जोडलेल्यांनी गाळप थांबल्यावर, पतसंस्थांनी मार्चअखेर आणि लेखापरीक्षण आटोपल्यावर. जुना सर्व्हर लगेच विकू नये. नव्यावरचा बॅकअप घेऊन तो जुन्यावर चालू करून पाहावा, त्यातून एका शेतकऱ्याची पट्टी आणि एका खातेदाराचा उतारा छापून घ्यावा, आणि दोन्ही मूळ कागदाशी जुळले तरच नव्या यंत्रणेच्या बिलावर संचालक मंडळाने सही करावी.