गवयामागची जागा

शंभर वर्षांपूर्वी घडलेल्या गवयांची चरित्रं सलग वाचली की एक गोष्ट लक्षात येते. यांतले कितीतरी जण दहा ते पंधरा या वयात गाण्याच्या दारात आले आणि त्या वेळी ते कुठलेच नव्हते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे फटाक्याने अधू झाले, शाळा थांबली, तेव्हा त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे धाडलं गेलं. गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई दहा वर्षांच्या असताना आई गेली. नाटक मंडळीखेरीज आसरा उरला नाही. भीमसेन जोशी 1933 मध्ये अकराव्या वर्षी घर सोडून निघाले. अशा मुलांना सुरांनी आधार दिला, असं आपण म्हणतो. ते खोटं नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. सूर तर ध्वनिमुद्रिकेतूनही कानावर पडत होते. अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून भीमसेन घरात रमेनासे झाले. म्हणजे नुसत्या ऐकण्याने हा मुलगा आणखीच एकटा पडला.

आपलेपणा मिळाला तो नंतर, वेगळ्या वाटेने. ग्वाल्हेर, मग जालंधर अशी वणवण झाल्यावर गवई विनायकराव पटवर्धनांनी भीमसेनना सांगितलं की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. 1936 मध्ये ते कुंदगोळला पोचले. तिथे आधी वाट्याला आलं ते पाणी भरणं आणि घरची कामं. गाणं हळूहळू आलं. गुरूच्या घरी राहून शिकण्याच्या या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती गवयामागची जागा. शिष्य तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसतो, जवारी सांभाळतो, बुवा दमले की आवाज भरतो. त्याला अजून धड ख्याल मांडता येत नसेल, पण तंबोरा उतरला तर बैठक कोसळेल, हे त्याला आणि समोरच्या श्रोत्यालाही ठाऊक असतं. एकट्या पडलेल्या पोराला सहानुभूतीपेक्षा हेच हवं असतं: आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचा रोजचा पुरावा. ही जागा जात विचारून दिली जायची असंही नाही. कैरान्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँनी कुंदगोळच्या ब्राह्मण घरातल्या रामभाऊंना घडवलं, आणि ते सवाई गंधर्व झाल्यावर त्यांच्यापाशी भीमसेन, हुबळीहून आगगाडीने येणाऱ्या गंगूबाई हनगल आणि पारशी फिरोझ दस्तूर शिकले. जन्माने यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. नातं जुळलं ते एका षड्जापाशी.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं गोड करून सांगितलं जातंय. घराणी बंदिस्त होती, चिजा लपवल्या जायच्या, मुलं राबवली जायची. आक्षेप खरा आहे आणि मोगूबाईंची कहाणी त्याची साक्ष आहे. सांगलीत अल्लादिया खाँनी त्यांचा आवाज ऐकून शिकवायला सुरुवात केली, पण पुढे उस्ताद मुंबईला गेले. मोगूबाई त्यांच्यामागे मुंबईत आल्या. दुसऱ्या शिष्येला दिलेल्या शब्दामुळे खाँसाहेबांना त्यांना शिकवता येईना, म्हणून त्यांनी मोगूबाईंना धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे सोपवलं. शिष्या म्हणून रीतसर गंडाबंधन व्हायला कितीतरी वर्षं गेली. कलावंतांच्या घरातली, आईविना वाढलेली मुलगी इतक्या वेळा दारातून परत फिरते, तेव्हा त्या दाराचं कौतुक करताना जीभ अडखळायला हवी. तरीही मोगूबाई ज्यासाठी झगडल्या ती तीच जागा होती. दार अडवलं जात होतं यावरून दोष अडवणाऱ्यांचा ठरतो. आत जे होतं त्याचं मोल त्याने कमी होत नाही. हे दार रुंद करण्याचा मोठा प्रयत्न पलुसकरांनीच केला. 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, गरीब मुलांना ठेवून घेतलं आणि त्यांना उपदेशक म्हणून तयार केलं. पुढे कर्जापायी विद्यालयाची मुंबईतली इमारत गेली, पण तिथली मुलं गावोगाव शिकवायला पांगली.

दुसरा आक्षेप उरलेल्यांबद्दलचा आहे. भीमसेन आणि मोगूबाई ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ती मोठी झाली, बाकीच्यांचं काय? पण आपलेपणा मोजायचा असेल तर बिनीचा गवई होणं हे माप चुकीचं आहे. जो पुढे शाळेत गाणं शिकवू लागला, जो भजनी मंडळात पेटीवर बसला, त्यालाही बैठकीत जागा होतीच. गेल्या चाळीसेक वर्षांत ही जागाच आकसली आहे. तंबोऱ्याचं काम विजेवरची पेटी करते, अलीकडे मोबाईलही करतो. सोय झाली हे मान्य. एका अबोल मुलाला मंचावर चढवणारं निमित्त मात्र गेलं. आज त्याच्या कानात हवं ते संगीत आहे, पण त्याच्यावाचून कुणाची मैफल अडत नाही.

म्हणून संगीत वर्ग चालवणाऱ्यांना एवढंच मागणं आहे: गवसणीतले तंबोरे बाहेर काढा. वर्गात कुणाशीच न बोलणारं जे मूल असेल त्याला ते लावायला शिकवा, आणि पुढच्या गुरुपौर्णिमेला त्याला गाणाऱ्याच्या मागे बसवा.