कट-ऑफ बंद, तरी बॅटरी खाली

आज मी काशीच्या मुन्शी घाटावर बसून बोलतोय. एका बाजूला अहिल्याबाई घाट, दुसऱ्या बाजूला दरभंगा घाट. इथल्या गल्ल्यांत ट्रक येत नाही, पण ट्रकचं दुखणं मात्र इथवर आलं.

काल संध्याकाळी पायऱ्यांवर एक मराठी ड्रायव्हर भेटला. यात्रेकरूंच्या स्वयंपाकाचं सामान वाहणारा त्याचा ट्रक शहराबाहेर उभा आहे. म्हणाला, "साहेब, तीन दिवस मुक्काम झाला की सेल्फ घेत नाही. बॅटरीचा हा दुसरा जोड. आता मालक पगारातून कापणार म्हणतो. मी तर रोज रात्री कट-ऑफ बंद करतो."

मी म्हटलं, "दादा, बॅटरी बदलून चोर पकडला जात नाही. सकाळी बघू."

आज सकाळी मीटर घेऊन गेलो. ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून 24 व्होल्ट मिळतात. बरेच जण दोन्हींचा मिळून आकडा बघतात. तसं करू नका. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इथे प्लसकडची 12.6 आणि अर्थकडची 11.8 निघाली. दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या. गाडीचा भार दोघींवर सारखा पडतो, मग एकच का रिकामी?

दुसरी पायरी. चावी काढली, दारं लावली, अर्थची केबल सोडली आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नका, मीटर जळेल. नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स झोपी जायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढं थांबा. कट-ऑफ बंद असतानाही आकडा आला 1.1 अँपिअर!

इथे विचार करा. कट-ऑफ बंद करून प्रवाह थांबला असता, तर चोर स्विचच्या पुढे आहे असं समजून एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघितलं असतं. इथे प्रवाह थांबला नाही. म्हणजे चोराची वायर स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीला आहे. या ट्रकचा कट-ऑफ प्लसच्या बाजूला होता. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावर हात फिरवला, तर एक बारीक लाल वायर सीटमागे गेलेली. टोकाला मोबाइल चार्ज करायचा छोटा इन्व्हर्टर, बटण चालूच.

हिशेब करा. 1.1 गुणिले 72 तास म्हणजे 79 अँपिअर-तास. बॅटरी 130 ची, तीही आधी अर्धवट भरलेली. वरून जानेवारीची थंडी. उठणार कशी?

नुकसान इथेच थांबत नाही. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून भरतो. खालची उपाशी असेल, तर भरलेल्या वरचीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं. तिचं पाणी उकळतं, प्लेटा जातात. एक भुकेने मरते, दुसरी अपचनाने. म्हणून जोड गेला.

उपाय साधा. मधल्या जोडावरून 12 व्होल्ट घेऊ नका. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा, तो कट-ऑफच्या पुढे आणि फ्यूज घालून. दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या चार्ज करा. काम करताना अंगठी-घड्याळ काढा. अर्थ आधी सोडा, शेवटी जोडा.

वायर कोणी टाकली? ड्रायव्हर गप्प होता. मग म्हणाला, "मीच, साहेब. मागच्या वर्षी."

मी म्हटलं, "मग मालकाला फोन करून खरं सांगा. आणि मीटरचे आकडेही सांगा." त्याने माझ्यासमोर फोन लावला. पगार वाचला की नाही ते त्या दोघांचं, पण तिसरा जोड नक्की वाचला. जय हिंद.